नागासाकीचा उंबरठा

फेब्रुवारीतल्या एका सकाळी नागासाकी स्टेशनातून बाहेर पडलो. पाऊस इतका बारीक होता की छत्री उघडली तर लाज वाटावी आणि नाही उघडली तर पाच मिनिटांत ओलंचिंब व्हावं. समोरचा रस्ता ओलांडून थोडी चढण चढली की निशिझाकाची टेकडी लागते. टेकडी म्हणायचं ते जुन्या सवयीने, कारण शहर तिच्या चारी बाजूंनी केव्हाच वर चढून आलंय. तिथे एक लहानसं उद्यान आहे आणि एका लांबलचक दगडी भिंतीत बसवलेल्या सव्वीस कांस्यमूर्ती आहेत, इथे क्रूसावर चढवून मारलेल्या सव्वीस ख्रिस्ती माणसांच्या. माणसाच्या उंचीच्या, एका ओळीत, पावलं खाली सोडलेली, जमिनीला न टेकलेली. त्यातल्या तीन बुटक्या आहेत, कारण ती बारा ते चौदा वर्षांची मुलं होती.

मी फोटो काढून वसईला मावशींना पाठवला. मावशी म्हणजे आमच्या जुन्या वाडीतल्या शेजारीण. मी फुकुओकाला नोकरीला आल्यापासून त्यांचं एकच पालुपद होतं, "एकदा नागासाकीला जा रे, आमच्या गोन्सालोला भेटून ये." दोन तासांचा प्रवास, पण चार वर्षं आज-उद्या करण्यात गेली.

उत्तर लगेच आलं. "छान. ह्यातला आपला कोणता?"

मला सांगता येईना. सगळे सारखेच दिसत होते.

खरं तर मला गोन्सालो गार्सिया हे नाव संताचं म्हणून नव्हे, कॉलेजचं म्हणून माहीत होतं. वसईत राहणाऱ्याला ते रिक्षावाल्याला सांगायचं ठिकाण असतं. त्यामागे माणूस होता हे मावशींमुळे कळलं. १५५६-५७ च्या सुमारास वसईत जन्म. बाप पोर्तुगीज, आई इथलीच, कोकणातली. वसईच्या किल्ल्यातल्या जेझुइट पाद्र्यांकडे शिकला आणि पोरवयातच त्यांच्याबरोबर जपानला गेला. जपानी भाषा अशी उचलली की पुढे त्याच भाषेने त्याचं नशीब ठरवलं. मधली काही वर्षं त्याने व्यापार केला, पैसा कमावला, मग मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन ह्या दुसऱ्या ख्रिस्ती संघात गेला, तोही पाद्री नव्हे, साधा ब्रदर. १५९३ मध्ये मनिलाहून फ्रान्सिस्कनांची तुकडी जपानला निघाली तेव्हा दुभाषा म्हणून त्यालाच बरोबर घेतलं. म्हणजे वसईचा एक मुलगा जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी ह्याच्या दरबारात स्पॅनिश पाद्र्यांचं बोलणं जपानीत करून सांगत होता. शिवाजी महाराजांचा जन्म व्हायला अजून सदतीस वर्षं होती.

त्याच्यासारखा माणूस इतक्या लांब येऊन नागासाकीतच का मेला, ह्याचं उत्तर शोधायला गेलो आणि ह्या प्रांताच्या इतिहासात अडकलो. मला जे सापडलं ते साधं आहे. राजधानीला, म्हणजे क्योतोला, एदोला, आणि एदोचंच तोक्यो झाल्यावर तोक्योला, परदेश म्हणजे धोरण. आज दार उघडा, उद्या लावा. नागासाकीकरांना परदेश म्हणजे पोट. दार दुसरे कुणीतरी उघडत-लावत राहिले आणि बोटं चिरडली ती उंबरठ्यावरच्यांची.

नकाशा पाहिला तरी हे कळतं. नागासाकी प्रांत म्हणजे क्यूशूच्या पश्चिमेला समुद्रात विस्कटून पडलेली जमीन. २०२३ मध्ये जपानने आपली बेटं नव्याने मोजली तेव्हा सर्वांत जास्त, १,४७९, ह्या एका प्रांतात निघाली. सपाट जागा जवळजवळ नाहीच. भातशेती करायची म्हटली तर डोंगराला पायऱ्या खणा. अशा ठिकाणी माणसाने समुद्राकडे पाठ करून जगायचं कसं?

मागच्या वर्षी त्सुशिमाला गेलो होतो. फुकुओकाच्या हाकाता बंदरातून बोट. मध्ये इकी बेट लागतं, पुढे त्सुशिमा. त्सुशिमाच्या उत्तर टोकावरून कोरियातलं बुसान जेमतेम पन्नास किलोमीटर. फुकुओका त्याच्या दुपटीहून लांब. रात्र स्वच्छ होती, पलीकडचे दिवे दिसत होते. हे बेट कागदावर नागासाकी प्रांतात आहे, पण उभं राहिल्यावर ते दुसऱ्याच कुणाच्या तरी ओसरीवर असल्यासारखं वाटतं.

तिसऱ्या शतकातल्या एका चिनी बखरीत ह्या दोन्ही बेटांचं वर्णन आहे. त्सुशिमाबद्दल म्हटलंय की डोंगर उभे आहेत, रान दाट आहे, वाटा हरणांच्या पायवाटांसारख्या; हजारेक घरं, चांगली शेतजमीन नाही, लोक समुद्रातलं खातात आणि होड्या घेऊन उत्तरेला-दक्षिणेला धान्य आणायला जातात. इकीवर थोडी शेती आहे, पण तीही पुरत नाही, म्हणून तेसुद्धा होड्या घेऊन निघतात. इकीवर हारुनोत्सुजी नावाच्या जागी त्या काळची खंदकांनी वेढलेली वस्ती उकरून काढली आहे. तिथे होड्या लागायचा बांधीव धक्काही सापडला. जपान नावाचं राष्ट्र अजून धड जुळलेलं नव्हतं तेव्हा इथे धक्का होता. ह्याहूनही मागे जायचं तर सासेबोजवळच्या गुहांमध्ये बारा हजार वर्षांपूर्वीच्या मडक्यांचे तुकडे मिळालेत, जगातल्या अगदी जुन्या मडक्यांपैकी. पण मला मडक्यांपेक्षा तो धक्का जास्त बोलका वाटला.

६६३ मध्ये यामातोच्या, म्हणजे तेव्हाच्या जपानच्या, दरबाराने कोरियातल्या एका युद्धात आरमार पाठवलं आणि ते पार बुडालं. आता तांग घराण्याचे चिनी चाल करून येणार ह्या भीतीने ६६७ मध्ये त्सुशिमावर कानेदाचा किल्ला बांधला. पहाऱ्यावर माणसं आणली ती पूर्व जपानातली, हजार किलोमीटरवरून. चिनी आलेच नाहीत. आले ते मंगोल, सहाशे वर्षांनी. १२७४ मध्ये त्यांचं पहिलं पाऊल त्सुशिमावर पडलं. तिथला सो सुकेकुनी ऐंशीएक घोडेस्वार घेऊन त्यांना सामोरा गेला आणि सगळे मारले गेले. मग इकीचं तेच झालं. १२८१ मध्ये मंगोल पुन्हा आले, आणि वादळाने त्यांची जहाजं ताकाशिमा बेटाजवळ बुडवली. जपानच्या आठवणीत ते वादळ राहिलं, 'कामिकाझे', देवाचा वारा. ताकाशिमाच्या समुद्रतळाशी २०११ मध्ये त्यातल्या एका जहाजाचा सांगाडा सापडला. त्सुशिमा आणि इकीच्या माणसांसाठी मात्र वारा सात वर्षं उशिरा सुटला होता.

त्सुशिमाच्या सो घराण्याची आणखी एक गोष्ट सांगतोच, कारण ती मला फार आवडते. १५९२ मध्ये हिदेयोशीने कोरियावर स्वारी केली. सात वर्षं कोरियाची राखरांगोळी झाली आणि साहजिकच व्यापार बंद पडला. त्सुशिमात तेव्हाही तांदूळ पिकत नव्हता. चिनी बखरीतलं वाक्य तेराशे वर्षांनी तसंच लागू होतं. नवे सत्ताधारी तोकुगावा आणि कोरियाचा राजा एकमेकांना पहिलं पत्र लिहायला तयार नव्हते, कारण पहिलं पत्र म्हणजे माघार. मग त्सुशिमाच्या लोकांनी काय केलं? जपानच्या वतीने पत्र स्वतःच लिहिलं. कोरियाचं उत्तर आलं तर तेही बदलून पुढे पाठवलं. दोन देशांची खोटी राजमुद्रा लाकडात कोरून घेतली. वर्षानुवर्षं दोन्ही दरबार एकमेकांच्या नम्रपणावर खूश होते! शेवटी घरातल्याच एका कारभाऱ्याने चुगली केली आणि १६३५ मध्ये एदोत शोगुनसमोर, म्हणजे तोकुगावांच्या लष्करी सत्ताधीशासमोर, सुनावणी झाली. शिक्षा झाली ती चुगली करणाऱ्याला. त्याला पार उत्तरेकडे हद्दपार केलं. सो घराण्याला सोडून दिलं, कारण कोरियाशी बोलणारं दुसरं होतं कोण? दोन राजांच्या अहंकारामुळे उपाशी मरण्यापेक्षा त्यांनी दोघांच्याही सह्या केल्या. मला ह्यात गुन्हा कमी आणि शहाणपण जास्त दिसतं.

पण मी पोर्तुगिजांना ओलांडून पुढे आलो. १५५० मध्ये पहिलं पोर्तुगीज जहाज हिरादो बेटावर लागलं. हिरादो तेव्हा चाच्यांचं आणि व्यापाऱ्यांचं बंदर होतं. दोघांत फरक फारसा नसे. त्याच वर्षी फ्रान्सिस झेवियर तिथे पोचला. त्याचं शव आज गोव्याला बॉम जेझूमध्ये आहे, आणि ह्या सगळ्या कारभाराचं मुख्यालयही गोवाच होतं. गोव्याहून मलाक्का, तिथून मकाव, मकावहून चिनी रेशीम भरून जपान, आणि परतताना जपानी चांदी. वारा पकडत, मुक्काम करत एकेक खेप वर्षांच्या हिशेबात चाले.

ओमुरा सुमितादा हा इथला एक लहानसा सरदार. शेजारी बलाढ्य, जमीन कमी. त्याने पाहिलं की पाद्री जिथे जातात तिथे जहाज जातं आणि जहाजात बंदुका असतात. १५६३ मध्ये त्याने बाप्तिस्मा घेतला. तो जपानचा पहिला ख्रिस्ती सरदार. १५७० च्या सुमारास त्याच्या मुलखात एक लांबट, खोल, वाऱ्यापासून आडोसा असलेली खाडी पोर्तुगिजांना पसंत पडली. तिथे त्यांची जहाजं लागू लागली आणि मासेमाऱ्यांच्या वस्तीचं नागासाकी शहर झालं. १५८० मध्ये सुमितादाने शहरच जेझुइटांच्या हवाली केलं. म्हणजे काही वर्षं जपानमधलं एक बंदर पाद्र्यांच्या मालकीचं होतं.

इथे वसईकर म्हणून, गोव्याच्या इतिहासाचं थोडं वाचलेला म्हणून, मला डोळे झाकता येत नाहीत. सुमितादाच्या मुलखात देवळं जाळली, मठ पाडले, रयतेला घाऊक बाटवलं. ज्या वर्षांत नागासाकीत क्रूस उभे राहत होते त्याच वर्षांत गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाची शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, बसलं होतं. नागासाकीच्या बंदरातून जपानी आणि कोरियन माणसं गुलाम म्हणून विकली जात, आणि त्यातली काही गोव्यापर्यंत पोचत. पुढे ह्याच प्रांतातल्या ख्रिस्ती लोकांचे जे हाल झाले ते वाचताना जीव कळवळतो. पण त्या गोष्टीची सुरुवात हालांनी झाली नव्हती, हेही लक्षात ठेवावं लागतं. मावशींशी मी हे बोललो नाही. बोललो असतो तर त्या म्हणाल्या असत्या, "अरे, ते साहेबांचं. आमचा गोन्सालो दुभाषा होता."

त्या काळाने दोन्हीकडच्या भाषेत खुणा ठेवल्यात. आपण पाव म्हणतो, जपानी लोक 'पान' म्हणतात. शब्द एकच, पोर्तुगिजांच्या भट्टीतला. आपला किरिस्ताव तो त्यांचा 'किरिशितान'. आपला पाद्री तो त्यांचा 'बातेरेन'. फुकुओकातल्या बेकरीत मी पहिल्यांदा 'शोकुपान' मागितला तेव्हा हे माहीत नव्हतं, आता दर वेळी गंमत वाटते.

१५८२ मध्ये नागासाकीहून चार मुलं रोमला निघाली, सगळी तेरा-चौदाच्या आसपासची. इतो मानसिओ, चिजिवा मिगेल, नाकाउरा ज्युलिआओ आणि हारा मार्तिनो. पोपला भेटून परत यायला आठ वर्षं लागली, आणि जाताना-येताना दोन्ही वेळा मुक्काम गोव्यात. येताना जवळजवळ वर्षभर. १५८७ मध्ये हारा मार्तिनोने गोव्यात लॅटिनमध्ये भाषण केलं, आणि ते तिथेच छापलं गेलं. त्या दिवसांत फादर स्टीफन्स साष्टीत होते, पुढे मराठीत ख्रिस्तपुराण लिहिणारे तेच. जपानी मुलाचं लॅटिन आणि इंग्रज पाद्र्याची मराठी, दोन्ही एकाच गोव्यात एकाच वेळी रुजत होती, हे चित्र माझ्या डोक्यातून जात नाही. मुलं परतली ती युरोपातून छापखाना घेऊन. तो शिमाबारा द्वीपकल्पातल्या काझुसा गावी बसवला. पण ती परतीच्या वाटेवर असतानाच, १५८७ मध्ये, हिदेयोशीने पाद्र्यांना देश सोडायचा हुकूम काढला होता. दार लावलं गेलं होतं आणि मुलं बाहेरच होती. चौघांपैकी मानसिओ आजारपणाने गेला, मार्तिनो मकावला हद्दपारीत मेला, मिगेलने धर्म सोडला, आणि ज्युलिआओला १६३३ मध्ये नागासाकीत खड्ड्यावर उलटं टांगून मारलं.

गोन्सालोचं मरण त्याच्या आधीचं. १५९६ मध्ये एक स्पॅनिश जहाज शिकोकूच्या किनाऱ्यावर फुटलं. माल जप्त झाला, त्यावरून बोलाचाली झाली, आणि स्पेनचा राजा आधी पाद्री पाठवतो आणि मग सैन्य, असं काहीतरी हिदेयोशीच्या कानावर गेलं. त्याने क्योतो-ओसाकातले सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी जेझुइट आणि त्यांच्यासोबतची सामान्य माणसं धरली. प्रत्येकाच्या डाव्या कानाचा तुकडा कापला. मग भर थंडीत महिनाभर पायी चालवत नागासाकीला आणलं. क्योतोतही क्रूस उभारता आले असते. पण धडा शिकवायचा होता तो नागासाकीला. ५ फेब्रुवारी १५९७ ला निशिझाकावर सव्वीस क्रूस उभे राहिले. वीस जपानी, चार स्पॅनिश, एक मेक्सिकोचा आणि एक वसईचा.

त्यानंतरची चाळीस वर्षं मी भरभर सांगतो, कारण ती हळू सांगवत नाहीत. तोकुगावांनी १६१४ मध्ये देशभर बंदी घातली. त्याच टेकडीवर १६२२ मध्ये एका दिवसात पंचावन्न जणांना मारलं. शिमाबाराचा मात्सुकुरा हा जहागीरदार शेतकऱ्यांकडून पिकण्यापेक्षा जास्त सारा मागायचा. न देणाऱ्याचे हाल करायचा. १६३७ मध्ये शेतकरी उठले. एका सोळा वर्षांच्या पोराला पुढारी मानून, हाराच्या ओस किल्ल्यात सदतीस हजारांच्या आसपास माणसं कुटुंबांसकट जाऊन बसली. एप्रिल १६३८ मध्ये किल्ला पडला आणि जवळपास सगळी कापली गेली. त्यांच्यावर समुद्रातून तोफा डागणाऱ्यांत एक डच जहाजही होतं. ख्रिस्ती लोकांवर ख्रिस्ती लोकांनी. व्यापार टिकवायचा होता ना. मात्सुकुराचंही पुढे शोगुनने डोकं उडवलं, पण त्याने काय भरून येतं?

डचांना बक्षीस मिळालं ते देजिमा. पोर्तुगिजांना कोंडून ठेवायला नागासाकीच्या पंचवीस व्यापाऱ्यांच्या पैशातून १६३६ मध्ये खाडीत भराव घालून केलेलं पंख्याच्या आकाराचं बेट, जेमतेम दीड हेक्टर. पोर्तुगिजांना हाकलल्यावर १६४१ मध्ये तिथे डचांना आणून बसवलं. एक पूल, पूलावर पहारा. त्यांच्या बायकांना येऊ देत नसत. दोनशेहून जास्त वर्षं युरोप आणि जपान ह्यांच्यात एवढीच फट होती. आता आसपासचा समुद्र बुजवलाय, त्यामुळे देजिमा ट्रामच्या रस्त्याला लागून आहे. घरं जुन्या पद्धतीने पुन्हा बांधली आहेत. मी ते बेट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाललो. पायात चपला नीट सरकवेपर्यंत संपलं.

पण त्या फटीतून काय काय आत आलं! वैद्यक, खगोल, कॉफी, बिलियर्ड. डच शिकलेल्या दुभाष्यांची घराणीच्या घराणी नागासाकीत होती, बाप मुलाला शब्द शिकवायचा. १८२३ मध्ये आलेला डॉक्टर सीबोल्ट इथे जपानी विद्यार्थ्यांना शिकवू लागला. त्याची नागासाकीतली मुलगी कुसुमोतो इने पुढे पाश्चात्त्य वैद्यक शिकून डॉक्टर झाली. आणि उंबरठ्याचा हिशेब इथेही चुकत नाही. १८०८ मध्ये एक इंग्रज युद्धनौका डच झेंडा लावून खाडीत घुसली, दमदाटी करून पाणी आणि रसद घेऊन निघून गेली. पहाऱ्यात हयगय झाली म्हणून नागासाकीच्या सुभेदाराने पोट फाडून घेतलं. भांडण होतं इंग्रज आणि फ्रेंच यांचं, तेही युरोपात; हॉलंड तेव्हा फ्रेंचांच्या पंखाखाली होतं एवढंच.

एका संग्रहालयात काचेमागे 'फुमिए' पाहिली. हातभराहून लहान पितळी पट्टी, लाकडात बसवलेली, वर येशू किंवा मेरीचं उठावाचं चित्र. दर वर्षाच्या सुरुवातीला नागासाकीतल्या प्रत्येक माणसाने ह्यावर पाय ठेवायचा, अगदी तान्ह्या बाळाचाही टेकवायचा. पाय अडखळला तर तो किरिशितान. ह्या चित्रांचे चेहरे राहिलेले नाहीत. नाक, डोळे, कपाळ सगळं गुळगुळीत. मला एकदम आमच्या देवघरातले टाक आठवले. पिढ्यान् पिढ्या चिंच लावून घासल्यामुळे त्यांचेही चेहरे असेच गेलेत, खंडोबा कुठला आणि देवी कुठली हे आता आजीच सांगू शकायची. पितळेला हात कुठला आणि पाय कुठला ते कळत नाही.

आणि पाय ठेवणारे सगळे धर्म सोडलेले नव्हतेच. घरी येऊन ते पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. पाद्री नाही, पुस्तक नाही, देऊळ नाही. तरी सात पिढ्या. बाळाला पाणी घालणारा एक माणूस, सणांच्या तारखा ठेवणारा एक. घरात कान्नोनची मूर्ती, मांडीवर बाळ. बघणाऱ्याला बौद्ध देवी, घरच्यांना मारिया. प्रार्थनांना 'ओराशो' म्हणत. लॅटिन आणि पोर्तुगीज शब्द तोंडोतोंडी घासत गेले, अर्थ केव्हाच निघून गेला, पण चाल आणि क्रम राहिला. रामरक्षा घडाघडा म्हणणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला ह्याचं नवल वाटायचं कारण नाही. लहानपणी मला तरी कुठे अर्थ कळत होता. १७९७ पासून ओमुराच्या किनाऱ्यावरची अशी हजारो माणसं गोतोच्या बेटांवर गेली, जिथे आधीच्यांनी सोडलेली खडकाळ उतरण तेवढी शिल्लक होती.

आता ह्यात आमचा गोन्सालो पुन्हा येतो. १८६२ मध्ये पोपने त्या सव्वीस जणांना संतपद दिलं. तोवर जपानचं दार अमेरिकेच्या दडपणाने उघडलं होतं आणि परदेशी लोकांपुरतं चर्च बांधायला परवानगी होती. नागासाकीत ओउराच्या चढावर फ्रेंच पाद्र्यांनी जे लाकडी चर्च उभारलं ते ह्याच सव्वीस जणांच्या नावाने, निशिझाकाच्या दिशेला तोंड करून. १७ मार्च १८६५ ला उराकामी गावचे पंधराएक शेतकरी दाराशी आले. फादर पेतिजाँ प्रार्थनेला बसले असताना एक बाई जवळ येऊन पुटपुटली की आमचं मन आणि तुमचं मन एकच आहे. मग विचारलं, सांता मारिया कुठे आहे? अडीचशे वर्षं लपून राहिलेली माणसं स्वतःहून सांगायला आली होती.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण बंदी अजून उठली नव्हती. उराकामीचे लोक उघडपणे बौद्ध अंत्यविधी नाकारू लागले आणि धरपकड सुरू झाली. शोगुन गेला, मेइजी सरकार आलं, 'नवा जपान' झाला. नव्या सरकारने काय केलं, तर सगळं गावच, तीन हजार चारशेच्या आसपास माणसं, पश्चिम जपानभर हद्दपार केली. सहाशेवर परत आली नाहीत. १८७३ मध्ये परदेशी सरकारांच्या दडपणाने बंदी उठली, उरलेले लोक घरी आले. त्या काळाला ते 'ताबी' म्हणत, म्हणजे प्रवास. त्यांच्या बोलण्यात एवढंच: प्रवासाला गेलो होतो.

मग त्यांनी गावच्या पाटलाच्या वाड्याची जागा विकत घेतली. ज्या घरात त्यांना फुमिएवर पाय ठेवायला लावत तेच घर. तिथे विटांचं चर्च बांधायला १८९५ मध्ये हात घातला. लोकांनी स्वतः विटा वाहिल्या, पैसे पुरेनात म्हणून काम थांबलं, पुन्हा सुरू झालं, १९१४ मध्ये पुरं झालं.

एवढ्या काळात प्रांत कागदावर आकार घेत होता. १८६९ मध्ये नागासाकी-केन, मग संस्थानं बुडवल्यावर हिरादो, ओमुरा, शिमाबारा, गोतो, त्सुशिमा सगळी त्यात आली. १८७६ मध्ये शेजारचा सागाही जोडला आणि १८८३ मध्ये परत काढला. सागाकर अजून ते विसरलेले नाहीत. मित्सुबिशीची गोदी मोठी झाली, सासेबोला आरमारी तळ आला. नागासाकीजवळच्या हाशिमा आणि ताकाशिमा (मंगोलांचं ताकाशिमा वेगळं) ह्या बेटांच्या समुद्राखालून कोळसा निघू लागला. शिमाबाराच्या गरीब घरांतल्या मुली 'कारायुकी' होऊन आग्नेय आशियातल्या बंदरांत विकल्या गेल्या. त्यातल्या काही मुंबईला, कामाठीपुऱ्यापर्यंत पोचल्या. हाशिमा बोटीतून पाहिलं. सहा हेक्टरांच्या खडकावर काँक्रीटच्या चाळी, एकीला एक चिकटून. १९५९ मध्ये तिथे पाच हजारांवर माणसं राहत होती. युद्धाच्या काळात कोरियन आणि चिनी मजुरांना तिथे जबरदस्तीने खाणीत उतरवलं. १९७४ मध्ये खाण बंद झाली आणि तीन महिन्यांत बेट रिकामं झालं. बोटीवरचा मार्गदर्शक गच्चीवरच्या भाजीच्या वाफ्यांबद्दल फार रंगून सांगत होता, मजुरांबद्दल एक वाक्य.

९ ऑगस्ट १९४५ च्या सकाळी बॉम्ब टाकणारं विमान आधी कोकुरावर गेलं होतं. तिथे धूर आणि ढग. तीन घिरट्या घालून ते नागासाकीकडे वळलं. इथेही ढग होते. फट सापडली ती उराकामीच्या खोऱ्यावर. अकरा वाजून दोन मिनिटं. चर्च स्फोटाखालच्या जागेपासून पाचशे मीटरवर. १५ ऑगस्टच्या सणासाठी पापनिवेदनाला आलेली माणसं आत होती. वर्षअखेरपर्यंत शहरात चौऱ्याहत्तर हजारांच्या आसपास माणसं मेली. उराकामीच्या बारा हजार कॅथलिकांपैकी सुमारे साडेआठ हजार. अडीचशे वर्षं शोगुनला जमलं नाही ते. लिहिताना इथे माझा हात थांबतो.

आज प्रांत आटतोय. १९६० मध्ये साडेसतरा लाखांवर माणसं होती, २०२० मध्ये तेरा लाख. गोतोवरची कितीतरी लहान चर्च आता वर्षातून एक-दोनदाच उघडतात. त्यातली काही २०१८ पासून जागतिक वारशात आहेत, म्हणून भाविकांपेक्षा पर्यटक जास्त. तरुण पोरं फुकुओकाला येतात. आमच्या ऑफिसात दोघं आहेत.

संध्याकाळी उराकामीहून ट्राममध्ये बसलो. पाऊस थांबला होता. स्टेशनजवळच्या दुकानातून रात्रीसाठी पाव घेतला, म्हणजे पान, आणि पैसे देताना फोन वाजला. मावशी. दुपारपासूनचा तिसरा मेसेज. "मिळाला का? फादरना पण दाखवायचाय फोटो. नुसता सगळ्यांचा नको, त्याचा एकट्याचा."

गाडीला चाळीस मिनिटं होती. पिशवी काखेत मारली, रस्ता ओलांडला आणि पुन्हा चढण चढायला लागलो.